पर्वतीवरची खिडकी

पुण्यात परगावचा पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे, याची यादी प्रत्येक घरी थोडीफार निराळी असते. पण पर्वती त्या यादीत असतेच. कित्येक शहरांत उंच टेकडीवर मुद्दाम मनोरा बांधलेला असतो. तिकीट काढावे, जिना चढावा, वर जाऊन शहर पाहावे आणि खाली यावे. पुण्याने असा मनोरा कधी बांधला नाही. शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसत असे, अशी आख्यायिका आहे खरी. पण तो लाकडी डोलारा १८२८ साली जळून गेला, आणि शहरात चढून पाहण्याजोगे असे काही उरलेच नाही. उरली ती पर्वती. तेव्हा पुण्याचा मनोरा म्हणायचा तर तो हाच. त्याच्या डोक्यावर देऊळ आहे एवढेच.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्या नेहमीच्या जिन्यासारख्या नाहीत. चांगल्या रुंद, लांबट आणि थोड्या उतरत्या आहेत. पालख्या आणि घोडे वर जावेत म्हणून त्या तशा बांधल्या. हत्तीही चढत असे सांगतात. समुद्रसपाटीपासून टेकडीची उंची २१०० फुटांच्या आसपास आहे, पण पुणे शहरच मुळी साडेअठराशे फुटांवर वसलेले असल्यामुळे प्रत्यक्ष चढायचे ते अडीचशे फूट. कॉलेजातली मुले हे अंतर धावत चढतात. त्यांच्या प्राध्यापकांना मात्र मध्ये दोन-तीनदा थांबून “इतिहास सांगावा” लागतो, आणि तोपर्यंत दम परत येतो.

वर पोचल्यावर आधी देवाचे दर्शन घ्यावे आणि मग तटावर जावे. नैर्ऋत्येला, सुमारे अकरा मैलांवर, सिंहगड. दक्षिणेला कात्रजच्या घाटाची रांग. तिथल्या तलावांतून नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळातली. पूर्वेला हडपसरची बाजू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी याच पूर्वेच्या मैदानात यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला, आणि लढाईचा रंग ओळखून दुसरा बाजीराव शहराच्या दक्षिणेच्या अंगाने सिंहगडाकडे निघून गेला. उत्तरेला जुने शहर, त्यापलीकडे नदी आणि मुळा-मुठेचा संगम. वायव्येला फर्ग्युसनची टेकडी, चतुःशृंगी, आणि त्यांच्या उजव्या अंगाला गणेशखिंडीची झाडी. त्या झाडीत विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा उंच मनोरा आहे. ती इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांची. बांधकाम १८६४ साली सुरू झाले आणि १८७१ साली संपले. हवा स्वच्छ असली, आणि अलीकडच्या उंच इमारती आड आल्या नाहीत, तर तो मनोरा नजरेला सापडतो. त्याची खूण मनात धरून ठेवा. आपल्याला पुन्हा तिकडेच पाहायचे आहे.

हे सगळे पाहण्यासाठी कोणी पर्वती बांधली नाही, हे उघड आहे. नानासाहेब पेशव्यांनी देवदेवेश्वराचे देऊळ १७४९ साली उभे केले ते भक्तीसाठी. मध्ये शंकर आणि भोवती चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, असे ते पंचायतन आहे. आईसाहेब काशीबाई यांच्या पायाचे दुखणे बरे झाले म्हणून नवस फेडला, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, तेव्हा ती तशीच राहू द्यावी. पण नानासाहेबांच्या आयुष्यात पर्वती पुढे ज्या प्रकारे आली ती गोष्ट कथा नव्हे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. उत्तरेच्या वाटेवर असताना बातमी कळली तेव्हा नानासाहेब परत फिरले. पुण्याला आले, पण फार दिवस काढले नाहीत. २३ जून १७६१ रोजी याच टेकडीवर त्यांचा अंत झाला. खाली ज्यांनी पेठा वसवल्या, पाणी आणले, ते शहर शेवटच्या दिवसांत त्यांना इथून दिसत होते.

टेकडीवरून अगदी पायथ्याशी पाहिले तर आणखी एका जागेची आठवण काढायला हवी. तळ्यातल्या गणपतीचे देऊळ सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या भोवतीचे पर्वतीचे तळे आटवले, आणि आज तिथे सारसबाग आहे. पण याच पायथ्याशी रमणा होता, ही गोष्ट आता फारशी कोणी सांगत नाही. रमणा म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेले मोठे आवार. श्रावणमासात देशोदेशीचे ब्राह्मण पुण्याला जमत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना मानाची दक्षिणा मिळे, आणि बाकीच्यांना रमण्यात घेऊन, आत कोंडून, एकेकाला दाराशी रक्कम हातावर ठेवून बाहेर सोडीत. एकदा घेऊन गेलेला मनुष्य दुसऱ्या दाराने पुन्हा आत येऊ नये म्हणून हा बंदोबस्त! दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालविली आणि वाढविली.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. पन्नास हजार रुपये सालीना ठेवले, आणि त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यातूनच पुढे पुणे कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी, कॉलेजातल्या दक्षिणा फेलोशिपा, ही सारी त्याच ओघातली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. म्हणजे आम्हां मास्तरमंडळींचा एक पूर्वज या रमण्याच्या दाराशी हात पुढे करून उभा होता, असे म्हटले तरी चालेल. मात्र त्या दारातून आत कोणाला सोडीत आणि कोणाला नाही, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे लागते.

आता खिडकीकडे येऊ. पर्वतीवर पेशव्यांचा वाडा होता. त्यावर वीज पडून त्याची नासधूस झाली असे सांगतात. इंग्रजी अमदानीत जे प्रवासी पुण्याला येत, त्यांना मार्गदर्शक पुस्तकांतून एक गोष्ट हटकून सांगितलेली असे: पर्वतीवर एक कमानदार खिडकी आहे, आणि तिच्यातून शेवटच्या पेशव्याने खडकीवर आपल्या फौजेचा मोड झालेला पाहिला. साहेबलोक त्या खिडकीतून डोकावत, उसासा टाकत, आणि उतरून जेवायला जात. नेमकी तीच खिडकी की तिच्या शेजारचा तट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशी बाजीराव पर्वतीवर होता, हे मात्र पक्के आहे.

तो दिवस ५ नोव्हेंबर १८१७, बुधवार. थोडी मागची हकीकत सांगायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्रजांनी पेशव्याच्या गळी एक मानहानीचा तह उतरवला होता. त्यानंतर बाजीरावाने सैन्य जमवायला सुरुवात केली, निमित्त पेंढाऱ्यांचे. शहराभोवती घोडेस्वारांचे तळ पडू लागले, तेव्हा एल्फिन्स्टनने आपली पलटण गारपिराहून उचलून खडकीला नेली. तो स्वतः संगमावरच्या रेसिडेन्सीत राहिला तो अगदी शेवटच्या घटकेपर्यंत. ५ तारखेच्या दुपारी पेशव्याची फौज शहराबाहेर पडू लागल्यावर त्याने नदी ओलांडून खडकीची वाट धरली. त्याची पाठ फिरते न फिरते तोच रेसिडेन्सीला आग लागली. त्याची पुस्तके, त्याचे कागद, सगळे जळाले. संगम पर्वतीपासून अडीच मैलांवर. म्हणजे त्या दुपारी पर्वतीवरून पाहणाऱ्याला पहिला धूर दिसला असेल तो उत्तरेला, संगमाच्या अंगाला, आणि तो पाहून टेकडीवरच्या मंडळींना आनंद झाला असणार. आरंभ तर चांगला झाला होता!

फौज किती? ग्रँट डफ सांगतो, घोडेस्वार १८,००० आणि पायदळ ८,०००. समोर इंग्रजांचे सगळे मिळून २,८०० च्या आसपास. त्यांचा सेनापती कर्नल बर. हा ग्रँट डफ म्हणजे पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा तोच. तो त्या दिवशी स्वतः एल्फिन्स्टनबरोबर मैदानावर होता. पेशव्याची फौज चालून येताना त्याला खंबायतच्या आखातात भरतीची लाट भिंतीसारखी चढत येते तिची आठवण झाली. वाटेतली कुंपणे, उभी पिके, हरणे, सगळे त्या लाटेपुढे नाहीसे होत होते. तो शत्रू होता, पण दृश्याने थक्क झाला होता. इतिहासकार म्हणून त्याच्या निकालांशी आपण कितीही भांडलो (आणि भांडायला हवेच), तरी या एका ठिकाणी त्याचे डोळे आपल्याला उसने घ्यावे लागतात.

आता एकाच लढाईकडे पाहणारी ही दोन माणसे शेजारी ठेवून पाहा. ग्रँट डफ त्या लाटेच्या समोर उभा आहे. बाजीराव तिच्या मागे, चार मैलांहून दूर, टेकडीवर. वेळ दुपारी चारच्या सुमाराची. नोव्हेंबरातला सूर्य त्याच्या डाव्या हाताला, किंचित मागे, म्हणजे उजेड पाहायला अनुकूल. विद्यापीठाच्या मनोऱ्याची खूण धरून ठेवायला सांगितले होते, ते यासाठी. गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधल्या उघड्या माळावर ती लढाई झाली. पर्वतीपासून ही जागा सात किलोमीटरांच्या आत-बाहेर. एवढ्या अंतरावरून माणूस ओळखू येत नाही. घोडा म्हणजे ठिपका. दिसते ती धूळ आणि तोफेचा धूर. आणि धूर दिसल्यापासून तोफेचा आवाज कानावर यायला वीस सेकंद लागतात. हा साधा हिशेब आहे, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. धूर निघाला, वीस आकडे मोजले, मग ‘धडाड्’. अशी लढाई बाजीरावाने पाहिली. कोण पुढे जातो आणि कोण मागे हटतो हे त्या धुरळ्यात त्याला कळले असेल असे मला वाटत नाही.

आणि याच टेकडीवरून त्याने एक काम केले. बापू गोखल्यांकडे जासूद धाडला: काही झाले तरी पहिली तोफ आपण डागू नका. युद्ध पुकारून फौज मैदानात गेली, रेसिडेन्सी पेटली, आणि मालकाचा निरोप जातो की पहिली तोफ आपली नको! गोखल्यांनी जासूद येताना लांबूनच पाहिला. निरोप काय असणार हे ते आपल्या धन्याच्या स्वभावावरून ओळखून होते. जासूद पोचायच्या आत त्यांनी नऊ तोफांचा मारा सुरू केला. ही हकीकत ग्रँट डफचीच आहे, आणि ती मला त्या सबंध दिवसातली सर्वांत बोलकी वाटते. टेकडीवर उभे राहून लढाई पाहणे हा काही गुन्हा नव्हे. सगळ्या देशांचे सेनापती उंचवटा पाहूनच उभे राहतात. पण त्यांचे टेकाड लढाईला लागून असते. तिथून हुकूम सुटतो आणि अर्ध्या घटकेत अंमलात येतो. पर्वतीहून खडकीला घोड्यावरचा माणूस पोचेपर्यंत लढाईचे पान उलटलेले असायचे. शिवाय हुकूम देणाऱ्याला लढायचे आहे की नाही हेच ठरलेले नव्हते.

खाली जे झाले ते थोडक्यात असे. शहरातून निघतानाच जरीपटक्याची काठी मोडली होती आणि लोकांच्या मनात अपशकुनाची पाल चुकचुकली होती. मैदानावर इंग्रजांची एक देशी पलटण रांग मोडून पुढे गेलेली दिसताच गोखल्यांनी सहा हजार निवडक स्वार तिच्यावर घातले. निशाण बरोबर साधले होते. पण मध्ये एक दलदल होती, आणि ती दोन्ही पक्षांपैकी कोणालाच आधी दिसली नव्हती. पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि त्या गर्दीवर समोरून बंदुका सुटल्या. गोखल्यांचा स्वतःचा घोडा जखमी झाला. मोर दीक्षित पडला. या मोर दीक्षिताची आणि दापोडीच्या पलटणीवरील कॅप्टन फोर्डची जुनी दोस्ती. लढाई जुंपलीच तर एकमेकांच्या बायकामुलांना सांभाळायचे, इथपर्यंत दोघांचे बोलणे झालेले. मोर दीक्षित ज्या तोफेच्या गोळ्याने गेला ती तोफ फोर्डच्याच पलटणीची होती. यातले पर्वतीवरून काय दिसले असेल? धुळीचा एक लोट पुढे गेला, थांबला आणि मागे वळला, एवढेच.

आकडे पाहिले तर खडकीची लढाई लहान होती. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८६. पेशव्याकडचे ५०० च्या घरात. सव्वीस हजारांतले पाचशे म्हणजे फौज बुडाली असे नव्हे. रात्र पडली तेव्हा बहुतेक सगळी फौज जागेवर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहता आले असते, तिसऱ्या दिवशीही. पण तसे झाले नाही. १३ तारखेला जनरल स्मिथ कुमक घेऊन आला, १६ ला येरवड्याजवळ चकमक झाली, आणि त्या रात्री बाजीरावाने पुणे सोडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते पर्वतीवरून स्पष्ट दिसले असते. पाहायला पेशवा तिथे नव्हता. जे गमावले ते मैदानावर थोडे आणि टेकडीवर जास्त, असे माझे मत आहे. ज्यांना ते कडक वाटेल त्यांनी पहिल्या तोफेचा तो निरोप पुन्हा एकदा आठवावा.

बाजीरावाचे हे टेकडीवरून पाहणे तिथे थांबले नाही. दोन महिनेही झाले नसतील. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. तेव्हाही तो पलीकडच्या तीरावर, फुलगावच्या बाजूला, दोन मैलांवरच्या उंचवट्यावर बसून होता. शेजारी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह. ऊन लागते म्हणून महाराजांनी आफताबगीर उघडवली, तर बाजीराव घाबरला. ती खाली घ्या, नाहीतर इंग्रज तिच्यावर नेम धरून गोळा टाकतील, अशी त्याची विनवणी. हेही ग्रँट डफनेच लिहून ठेवले आहे. तो शत्रुपक्षाचा लेखक, तेव्हा थोडे मीठमिरची असेलही. पण जासुदाची गोष्ट आणि छत्रीची गोष्ट या दोन्हींतला मनुष्य एकच वाटतो.

श्रोतेहो, कोरेगावची आठवण मी उगाच काढली नाही. तिथे इंग्रजांच्या बाजूने जी देशी पलटण लढली तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. लढाईनंतर जो स्तंभ उभा राहिला त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ महारांची आहेत. त्यांच्यासमोरच्या उंचवट्यावर ज्या राज्याचा धनी बसला होता, त्या राज्यात या शिपायांच्या जातीला रस्त्याने चालण्याचीसुद्धा बंधने होती. कंपनीच्या चाकरीत ती तेवढी सैल झाली. पुढे त्या चाकरीचे दरवाजेही बंद झाले आणि स्तंभ तेवढा राहिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले. त्या सभेमागे पुण्याचे एक वयस्क कार्यकर्ते होते, शिवराम जानबा कांबळे. महारांना सैन्यात पुन्हा घ्यावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून अर्ज लिहिणारा हा माणूस.

हेच शिवराम जानबा कांबळे १९२९ साली पर्वतीच्या पायऱ्यांशी येऊन उभे राहिले. बरोबर पांडुरंग नथुजी राजभोज. पाठीशी काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे, तरुण एस. एम. जोशी अशी मंडळी. मागणी साधी होती. देवदेवेश्वराचे देऊळ अस्पृश्यांना खुले करा. विश्वस्तांनी नाही म्हटले. १३ ऑक्टोबर १९२९ ला सत्याग्रह सुरू झाला. महाडचे तळे होऊन दोन वर्षे झाली होती. नाशिकचा काळाराम अजून पाच महिने पुढे होता. सत्याग्रही १०३ पायऱ्या चढून गेले तेव्हा वरचा दरवाजा बंद होता, आणि आवारातून शिव्या आणि दगड येत होते. राजभोज जखमी झाले. त्यांना साथ द्यायला गेलेल्या सवर्ण तरुणांनाही मार बसला. पुणे हे विद्येचे माहेरघर, सुधारकांचे गाव, सगळ्या चळवळींचे उगमस्थान वगैरे वगैरे. त्या पुण्यात ही गोष्ट झाली. दिवसाढवळ्या, शहराच्या डोक्यावर, चारी दिशांना दिसेल अशा जागी झाली. सत्याग्रह काही महिने चालला. दरवाजा उघडला नाही.

मला इथे एक बारीक गोष्ट सांगायची आहे. ज्या तटावरून सिंहगड, कात्रज, संगम आणि खडकी दिसतात, तो तट देवळाच्या आवाराचा आहे. दरवाजा बंद म्हणजे देव बंद, आणि ते दृश्यही बंद. खडकीच्या मैदानावर जे लढले, दोन्ही बाजूंनी लढले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नातवंडांना आणि पणतवंडांना ते मैदान पर्वतीच्या तटावरून पाहण्याची सोय शंभर-सव्वाशे वर्षे नव्हती. आजोबा कुठे लढला हे सांगायला त्यांना कोरेगावचा स्तंभ होता. पर्वतीवरची खिडकी नव्हती. साहेबाला मात्र ती खिडकी मार्गदर्शक पुस्तकातल्या पत्त्यासह मिळत होती. एकाच टेकडीचे हे तीन हिशेब आहेत, आणि इतिहास शिकवताना त्यांतला एक वगळून दुसरा सांगणे मला जमत नाही.

१९४७ साली मुंबई सरकारचा हरिजन मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला आणि असे दरवाजे बंद ठेवणे गुन्हा ठरला. तो कायदा आपोआप झाला नाही. त्याच्यामागे महाड होते, नाशिक होते, साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण होते, आणि ऑक्टोबर १९२९ ची ही पर्वतीही होती. महाड आणि नाशिक यांची नावे शाळेच्या पुस्तकांत येतात. पर्वतीच्या सत्याग्रहाचे नाव पुण्यातल्या मुलांनासुद्धा विचारले तर दहांत एखादाच सांगतो. खडकीची खिडकी मात्र सगळ्यांना ठाऊक.

आता पर्वतीवर पहाटेपासून माणसांची रीघ असते. कोणी व्यायामाला येतो, कोणी डॉक्टरने सांगितले म्हणून. वर पेशव्यांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. टेकडीच्या एका उतारावर जनता वसाहतीची दाटीवाटीची वस्ती वरपर्यंत चढलेली आहे. पायथ्याने खडकवासल्याचा कालवा जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला तो फुटला आणि खालच्या झोपड्यांतून पाणी धावले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी तर सारे शहरच पाण्याखाली होते. त्या वेळी पुण्याची उंच जागा म्हणजे काय, हे लोकांना निराळ्या तऱ्हेने कळले. तटावर उभे राहून दूरचा सिंहगड पाहताना या जवळच्या गोष्टी पायाखाली येतात, आणि माणूस दुर्बीण लावून त्यांच्यावरून पाहतो. खुद्द मीही वर्गातल्या मुलांना आधी सिंहगडच दाखवतो.

जाणाऱ्याने शक्यतो दुपारी साडेतीन-चारला जावे. सकाळी नदीवर धुके असते आणि उत्तर दिशा पुसून गेलेली असते. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, हवा सर्वांत निवळ मिळते. तटाच्या वायव्य बाजूला उभे राहून चतुःशृंगीच्या उजवीकडे नजर न्यावी, विद्यापीठाच्या मनोऱ्याची खूण सापडते का पाहावे, आणि तिच्या पलीकडे व थोडे उजवीकडे जो भाग दिसतो तो खडकीचा. तिथे आता माळ नाही. रस्ते, कारखाने आणि लष्कराच्या इमारती आहेत. मग मागे वळून पायऱ्यांचे टोक आणि आवाराचा दरवाजा पाहावा. १३ ऑक्टोबर १९२९ ला माणसे उभी होती ती तिथे.